घरपोच आरोग्यसेवेत रुजू होणाऱ्या भाचीस

नेसरी, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर



समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन घरपोच आरोग्यसेवा देणाऱ्या कंपनीत रुजू होणाऱ्या कार्यकर्तीने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की वैद्यकीय समाजकार्य ही कंपन्यांनी काढलेली नवी टूम नव्हे. आजची टाटा समाजविज्ञान संस्था मुंबईत १९३६ साली निघाली, १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातील वैद्यकीय समाजकार्याची पहिली नेमणूक झाली, आणि आजारामागचे घर, पैसा व नातीगोती ओळखून उपचार कुटुंबाला झेपतील असे करणे, हे या कामाचे स्वरूप तेव्हापासून कायम आहे.

नेसरीसारख्या गावात, जेथे अनेक घरांतील कर्ती मुले मुंबई-पुण्यास असतात, तेथे सेवेचे पैसे भरणारा आणि प्रत्यक्ष सेवा करणारा यांत बहुधा अंतर असते. सोप्यात खाटेवर सासरे, फोनवरून सूचना देणारा मुलगा आणि चहा ठेवून आत जाणारी सून, असे पहिल्या भेटीचे चित्र असते. परंतु रात्री दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीची पिशवी रिकामी करणे आणि माकडहाडापाशी कातडी लाल झाली का, म्हणजे सतत दाब पडून होणारे शय्याव्रण सुरू झाले का, हे पाहणे तिच्याच वाट्याला येते. म्हणून कंपनीचा अर्ज सोप्यात भरला, तरी खरी विचारपूस परड्यात, ती धुणे वाळत घालत असताना एकटीशी करावी, आणि तिची कंबरदुखी, मोडलेली झोप व बुडालेली रोजंदारी यांची नोंद रुग्णाच्या रक्तदाबाइतक्याच काळजीने ठेवावी. (गावच्या आशा सेविकांना यातले निम्मे आधीच ठाऊक असते, त्यांना टाळून काम करणारी कार्यकर्ती स्वतःचेच काम वाढवते.)

कंपनी शुश्रूषा तासांच्या हिशेबाने विकते, त्यामुळे मोठे पॅकेज गळी उतरवण्याची अपेक्षा समाजकार्यकर्तीकडून ठेवली जाण्याचा संभव असतो. जो व्यायाम सुनेला शिकवून भागतो, त्यासाठी रोजची भेट सुचवू नये. पासष्टी ओलांडलेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलेल्या वृद्धाला श्रावणबाळ योजनेचे मासिक निवृत्तिवेतन मिळू शकते, त्याचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो, हे कंपनीचा त्यात काडीचा लाभ नसला तरी सांगावे. महात्मा फुले जनआरोग्य योजना मात्र अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतील उपचारांसाठी आहे, घरच्या शुश्रूषेसाठी नव्हे, हेही आधीच स्पष्ट करावे.

वृद्धाची हेळसांड आढळल्यास २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा उपयोगी पडतो: प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवू शकते, तसेच सांभाळाच्या अटीवर केलेले बक्षीसपत्र अट मोडल्यास रद्द ठरवू शकते. तथापि भाऊबंदकीच्या घरात पहिल्याच भेटीत कायद्याचे नाव काढणे म्हणजे ते दार कायमचे बंद करून घेणे होय.

रुजू होण्यापूर्वी भाचीने पदाच्या कर्तव्यांची यादी लेखी मागून घ्यावी, तीत विक्रीचे उद्दिष्ट असल्यास ते वगळून घ्यावे, आणि कंपनी वगळत नसेल तर ती नोकरी धरू नये.

मामाचे शुभाशीर्वाद.