घरातील प्रथमोपचार पेटी

अपघात सांगून येत नाही. परंतु त्याला तोंड देण्याची सिद्धता आधीपासून करता येते. प्रथमोपचार म्हणजे वैद्यकाला पर्याय नव्हे. डॉक्टरांची मदत मिळेपर्यंत प्राण राखणे आणि इजा वाढू न देणे, एवढेच त्याचे कार्य होय. म्हणून घरच्या पेटीत औषधांची गर्दी नसावी. जिचा उपयोग घरातील माणसांना ठाऊक आहे, अशीच वस्तू तीत ठेवावी.

१. रक्तस्राव : निर्जंतुक जाळीदार कापडाच्या घड्या, गुंडाळपट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, चिमटा आणि रबरी हातमोजे ही मुख्य सामग्री होय. वाहत्या जखमेवर घडी ठेवून किमान १० मिनिटे घट्ट दाब द्यावा. मध्येच उचलून पाहू नये, कारण धरू लागलेली रक्ताची गुठळी त्यामुळे सुटते. घडी भिजल्यास तीवरच दुसरी ठेवावी. कापूस जखमेवर थेट ठेवू नये; त्याचे तंतू चिकटून बसतात. सुमारे १ मीटर चौरस स्वच्छ कापड कर्णरेषेवर कापले, की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात. मोडलेला हात गळ्यात अडकविण्यास त्या उत्तम.

२. भाजणे : येथे खरे औषध पेटीत नसून नळात असते. भाजलेला भाग २० मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरावा. त्वचेखाली साठलेली उष्णता त्यामुळे निघून जाते. बर्फ, तूप, शाई वा दंतमंजन लावू नये. नंतर न चिकटणाऱ्या स्वच्छ पट्टीने भाग सैल झाकावा.

३. अतिसार : जलसंजीवनीच्या निदान चार पुड्या पेटीत असाव्यात. लहान मुलाचा जीव येथे पुष्कळदा शोषाने जातो. आतड्यात ग्लुकोज व सोडियम बरोबरीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी रक्तात शिरते. याच तत्त्वावर ही पुडी बेतलेली आहे. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण रुग्णांना पाजून असंख्य प्राण वाचविले. मोठी पुडी १ लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात संपूर्ण विरघळवावी. २४ तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे.

४. काय नसावे : सर्पदंशासाठी पेटीत दोरी व पाते ठेवण्याची जुनी प्रथा घातक आहे. दोरी आवळल्याने अवयव निकामी होऊ शकतो, आणि चीर दिल्याने विष निघत नाही. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे; प्रतिविष तेथेच मिळते. मागील आजारातून उरलेली प्रतिजैविकेही पेटीत साठवू नयेत. तापासाठी पॅरासिटामॉल पुरे. मुलाला त्याची मात्रा वजनानुसार, डॉक्टरांना विचारूनच द्यावी. मुलांना अॅस्पिरिन डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कधीही देऊ नये.

५. निगा : पेटी कोरड्या जागी, मुलांचा हात पोहोचणार नाही परंतु मोठ्यांना अंधारातही सापडेल अशी ठेवावी. झाकणाच्या आत ११२ हा आपत्कालीन क्रमांक, जवळच्या रुग्णालयाचा पत्ता आणि कोणाला कोणते औषध सोसत नाही याची नोंद चिकटवावी. दर सहा महिन्यांनी मुदत तपासून पाहावी, आणि वापरलेली वस्तू त्याच आठवड्यात भरून ठेवावी. रिकामी पेटी घरात असणे हे पेटी नसण्याहूनही वाईट. कारण तिच्या भरवशावर आपण निश्चिंत राहतो.