दिलेल्या कापडात आपला टाका

अगं छकुले, दिवसभर क्लासची पोस्टरं आणि साबणाच्या जाहिराती करून हात मेला, आता माझं स्वतःचं काही उमटायचं नाही, असं तू परवा म्हणालीस. तेव्हापासून रेमेदिओस वारो हे नाव माझ्या ओठांवर आहे. तू स्वप्नातल्यासारखी चित्रं काढू पाहतेस ना, मग ही बाई तुला माहीत असायलाच हवी.

१९०८ साली स्पेनमधल्या कातालोनियात, आंग्लेस गावी तिचा जन्म झाला. वडील पाटबंधाऱ्यांची कामं करणारे इंजिनिअर. ते लहानग्या लेकीकडून आपले नकाशे, यंत्रांच्या आकृत्या गिरवून घ्यायचे. रेघ जरा हलली तर पुन्हा काढायची. पुढे माद्रिदच्या सान फेर्नांदो कला अकादमीत तिने रीतसर शिक्षण घेतलं. बार्सिलोना आणि पॅरिसमध्ये अतिवास्तववाद्यांच्या गोतावळ्यात वावरली. मग स्पेनचं यादवी युद्ध झालं, पॅरिसवर जर्मनांचा ताबा आला, आणि १९४१ मध्ये कवी बेंजामँ पेरे याच्यासोबत मार्सेयहून ती निर्वासित म्हणून मेक्सिकोला पोचली.

तिथे पोटापाण्यासाठी तिने काय केलं, ते नीट ऐक. बायर या औषध कंपनीच्या जाहिराती. निद्रानाशाच्या जाहिरातीत तिने एकापुढे एक रिकाम्या खोल्या काढल्या, दारांमधल्या अंधारातून रोखून बघणारे नुसते डोळे, आणि पुढ्यात जळती मेणबत्ती. गोळ्या विकायचं चित्र, पण रात्रभर तळमळलेल्या माणसाला ते बघून आपलं दुखणं ओळखू यावं! या कामांवर ती आईचं माहेरचं आडनाव घालायची, उरांगा. पुढे व्हेनेझुएलात सरकारी आरोग्य खात्यासाठी हिवताप पसरवणाऱ्या कीटकांची चित्रं काढली. तिथे तर पायाचा एक केसही चुकवून चालत नाही.

ही वर्षं वाया गेली असं तुला वाटेल. पण तिचं १९५७ मधलं 'पक्ष्यांची निर्मिती' हे चित्र इंटरनेटवर शोध आणि मोठं करून बघ. घुबडाच्या रूपातली एक बाई टेबलाशी बसलीय. गळ्यात व्हायोलिन, त्याच्या तारेतून निघालेली कुंचली हातात. खिडकीतून काचेची अंड्यासारखी पात्रं आत आलीत, त्यातून तिच्या रंगपाटीवर तीन रंग ठिबकताहेत. दुसऱ्या हातात त्रिकोणी भिंग, त्यातून ताऱ्याचा उजेड कागदावर पडतो आणि काढलेला पक्षी जिवंत होऊन उडतो. एवढं अजब, तरी आपला विश्वास बसतो, कारण प्रत्येक नळी कुठून निघून कुठे जाते ते स्पष्ट दिसतं. वडिलांचे नकाशे आणि कीटकांचे पाय गिरवलेला हात आहे तो. ओल्या रंगावर कागद दाबून उमटतील ते आकारही ती घ्यायची, पण त्याआधी पारदर्शक कागदावर सगळी रचना बारकाईने काढून ठेवलेली असायची. म्हणून सांगते, मनात येईल ते फटकारलं की स्वप्न होतं, या भ्रमात राहू नकोस. कल्पना जितकी विचित्र, तितका हात पक्का हवा.

आणि पैशाचं खरं सांगते. पोटाची चिंता मिटल्यावरच तिला पूर्णवेळ रंगवता आलं. मेक्सिको सिटीत रेकॉर्डचं दुकान चालवणारे वॉल्टर ग्रुएन तिच्या आयुष्यात आले आणि जाहिराती सुटल्या. पहिलं एकल प्रदर्शन १९५६ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी. १९६३ मध्ये हृदयविकाराने गेली. ज्यांसाठी आज तिचं नाव घेतात, ती बहुतेक चित्रं अखेरच्या दहाएक वर्षांतली आहेत. तू कुणा ग्रुएनची वाट बघू नकोस. दर कामाचे पैसे ठणकावून घे, त्यातले थोडे बाजूला टाक आणि त्यातून स्वतःसाठी मोकळे महिने विकत घे. पंचविशीत उशीर झाल्यासारखी रडू नकोस.

मैत्रिणीही जप. वारोला चित्रकार लेओनोरा कॅरिंग्टन आणि छायाचित्रकार काती होर्ना होत्या, दोघीही युरोपातून परागंदा झालेल्या. एकमेकींच्या घरी जाणं-येणं, कथा रचणं, हवी ती स्वप्नं पडावीत म्हणून गमतीच्या पाककृती लिहिणं. एकटीने कुढत बसलीस तर असलं काही सुचत नाही.

आता तिचं १९६१ मधलं 'पृथ्वीचं वस्त्र भरताना' बघ. मनोऱ्यात कोंडलेल्या मुली बसून भरतकाम करताहेत. मध्ये बुरखाधारी माणूस हातातल्या पुस्तकातून हुकूम वाचतोय. त्यांचं कापड खिडक्यांतून बाहेर ओसंडतं आणि त्याचीच जमीन, घरं, पाणी होतं. त्यातल्या एकीने कुणाच्या लक्षात येणार नाही अशा घडीत आपली आणि प्रियकराची भेट भरून ठेवलीय. याच मालिकेतल्या पुढच्या चित्रात ते दोघं पळून गेलेले दिसतात.

तुझंही हेच काम आहे, राणी. कापड दुसऱ्याचं, हुकूम दुसऱ्याचा, पण सुई तुझ्या हातात आहे. साबणाच्या फेसात, पोस्टरच्या कोपऱ्यात, गिऱ्हाइकाचं नुकसान न करता, तुझा एक टाका रोज पडू दे. तोच वहीत तारीख घालून पुन्हा काढ. वर्षभरानंतर ती वही घेऊन माझ्याकडे ये, त्यातलं कोणतं मोठ्या कॅनव्हासवर न्यायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.