मिठाच्या खाणीतील प्रार्थनामंदिर

बीड जिल्ह्यात चकलांबा गावाच्या परिसरात विहीर खणावयाची झाली, म्हणजे प्रथम जागेची पूजा होते, नारळ वाढविला जातो आणि मगच पहिली कुदळ पडते. भूमीच्या पोटात उतरणाऱ्यावर दरड केव्हा कोसळेल, याचा नेम नसतो. म्हणून तो आधी देवाचे स्मरण करतो.

दूरदेशीच्या श्रमिकांचीही भावना हीच आहे. पोलंड देशात क्राकोव्ह नगराजवळ विएलिच्का येथे मिठाची प्राचीन खाण आहे. तेराव्या शतकापासून तेथे मीठ काढीत. आग, पाणी आणि कोसळणारे छत यांचे भय कामगारांस नित्याचेच होते. त्यामुळे त्यांनी खाणीतच प्रार्थनामंदिरे कोरली. त्यांतील सर्वांत भव्य मंदिर संत किंगा हिचे होय.

प्रवासी लाकडी जिन्याच्या ३८० पायऱ्या उतरून ६४ मीटर खोल जातो. तेथून भुयारी वाटांनी आणखी खाली गेल्यावर, १०१ मीटर खोलीवर, एकाएकी ५४ मीटर लांबीचे दालन समोर उघडते. पायांखालची फरशी मिठाची, वेदी मिठाची, भिंतींवरील ख्रिस्तचरित्रातील प्रसंगही मिठातच कोरलेले! झुंबरांचे लोलकदेखील मिठाच्या स्फटिकांचे आहेत.

हे काम कोणा राजाच्या शिल्पकारांनी केलेले नाही. युझेफ मार्कोव्स्की या खाणकामगाराने १८९६ साली ते आरंभिले. पुढे त्याचा भाऊ तोमाश आणि आंतोनी विरोदेक यांनी ते १९६३ पर्यंत चालविले. सुमारे वीस हजार टन मीठ त्यासाठी बाहेर काढावे लागले.

अंबाजोगाईच्या लेण्यातील दगडी हत्ती शतकानुशतके पाऊस झेलीत उभे आहेत. मिठाला मात्र हवेतील ओलावाही सोसत नाही. १९७८ साली जागतिक वारसा ठरलेली ही खाण १९८९ मध्ये संकटग्रस्त स्थळांच्या यादीत गेली. ओलावा आटोक्यात आणणारी यंत्रे बसविल्यावर, १९९८ साली, ती त्या यादीतून सुटली. मिठाचा व्यापारी उपसा १९९६ मध्ये थांबला. प्रार्थना मात्र थांबलेली नाही.

कामगारांनी श्रद्धेने जे घडविले, ते जपणे हे पुढील पिढ्यांचे कर्तव्य होय.

स्वाध्याय
१. खाणकामगारांनी भूगर्भात प्रार्थनामंदिरे का कोरली?
२. दगडी लेणे आणि मिठाचे मंदिर यांच्या रक्षणात कोणता फरक आहे?
३. तुमच्या गावातील जुन्या वास्तूचे वर्णन दहा ओळींत लिहा.