‘ओफिस’ म्हणजे सर्प
(मत्तय १०:१६)

लांडग्यांत मेंढरें धाडावीं तसें आपल्या बारा शिष्यांस धाडितांना प्रभूनें त्यांस सर्पांसारखें होण्यास सांगितलें, हें वाचून आमचे खेड्यांतील पुष्कळ बंधु अडखळतात. ज्या सर्पानें हव्वेस फसविलें, ज्याला प्रकटीकरणांत (१२:९) सैतान म्हटलें आहे, त्याचा कित्ता आम्हीं गिरवावा काय?

मूळ ग्रीक शब्द ‘ओफिस’ असा आहे. (कचेरीला इंग्रजींत जें म्हणतात त्याशीं याचा कांहीं संबंध नाहीं.) नव्या करारांत तो १४ वेळां येतो, आणि त्याचा साधा अर्थ साप, एवढाच. मासा मागणाऱ्या मुलाला बाप जो देणार नाहीं तोही ‘ओफिस’, आणि मोशेनें रानांत उंच केलेला, ज्याचा दाखला प्रभूनें स्वतःविषयीं दिला, तोही ‘ओफिस’च (योहान ३:१४). तेव्हां शब्दाला दोष नाहीं. बोलणें कोणत्या गुणाविषयीं चाललें आहे तें पाहिलें पाहिजे.

तो गुण ‘फ्रोनिमोस’ या शब्दानें सांगितला आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत उत्पत्ति ३:१ येथें सर्पाला ह्याच शब्दाचें रूप लाविलें आहे खरें. पण प्रभूनें खडकावर घर बांधणाऱ्या मनुष्यालाही (मत्तय ७:२४) आणि दिव्यांबरोबर तेल घेणाऱ्या पांच कुमारींनाही (२५:४) हाच शब्द लाविला. पुढें काय येणार हें ओळखून वागणारा, तो फ्रोनिमोस. सर्पानें हव्वेस ज्या योगें फसविलें त्याला पौल (२ करिंथ. ११:३) निराळाच शब्द योजतो: ‘पानूर्गिया’, म्हणजे कपट. हा भेद उपदेशकांनीं नीट ध्यानांत धरावा. कागद वाचून घेतल्यावांचून सावकारास अंगठा न देणें हें पहिलें. घेतलेलें कर्ज घेतलेंच नाहीं म्हणणें हें दुसरें. एका गांवीं छळ झाला तर दुसऱ्या गांवीं जावें, असें प्रभूनें त्याच अध्यायांत सांगितलें; तें भित्रेपण नव्हे. फटके बसण्यापूर्वीं पौलानें आपलें रोमी नागरिकत्व पुढें केलें (प्रे. कृ. २२:२५), तेंही असेंच. पण विश्वासाविषयीं विचारिलें असतां ‘मी त्यांतला नव्हे’ म्हणून सुटणें ह्या वचनांत बसत नाहीं, असें आम्हांस वाटतें. कारण कबुतराला लाविलेला शब्द ‘आकेराइओस’, ज्यांत भेसळ नाहीं असा. पाणी न घातलेल्या द्राक्षारसाला तो लावीत.

पितळी सर्पाचें पुढें काय झालें, हेंही सांगितलें पाहिजे. लोक त्यापुढें धूप जाळूं लागले, तेव्हां हिज्कीया राजानें तो फोडून टाकिला. त्याचें नांव ‘नहुश्तान’, म्हणजे पितळेची वस्तु (२ राजे १८:४). नागपंचमीस शेजारी म्हणाले, ‘तुमच्या मोशेनेंही नाग केला होता ना?’ तर ही ओवी त्यांस वाचून दाखवावी.