संदर्भ कसा द्यावा?

शास्त्रीय नियतकालिकाकडे लेख पाठविताना संदर्भ अचूक देणे हे लेखकाचे कर्तव्य होय. त्यासाठी इंदूरचेच उदाहरण घेऊ. कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ या संस्थेत सिद्ध झाली. तिचे विवेचन करणारा ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर’ हा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक दोन : अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड. या पद्धतीचा उल्लेख करताना मात्र बहुधा एकट्या हॉवर्ड यांचेच नाव घेतले जाते.

म्हणून मजकुरात ‘(हॉवर्ड व वाड, १९३१)’ असे लिहावे. लेखाअखेरच्या सूचीत दोन्ही लेखक, वर्ष, ग्रंथनाम, प्रकाशनस्थळ व प्रकाशक ही माहिती द्यावी. तिचा क्रम व विरामचिन्हे त्या त्या नियतकालिकाच्या सूचनांप्रमाणे ठेवावीत. मजकुरातील प्रत्येक उल्लेख सूचीत, तसेच सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात असावी. ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ (१९४०) हा ग्रंथ हॉवर्ड यांचा एकट्याचा आहे. तो वाचला असल्यास त्याचाच निर्देश करावा. न पाहिलेल्या ग्रंथाचा हवाला देऊ नये.

एक नाव गळाले की वाचकाचा शोध अडतो आणि खपणाऱ्याचे श्रेय हरपते.