ई-मेलवर प्रेषकाची ओळख पटत नसल्यास काय करावे?

राजापूर तालुक्यातील नाटे येथील एका बागायतदार गटाने गेल्या हंगामात हापूसच्या पेट्या मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना परस्पर विकण्याचे ठरविले. त्यासाठी गटाने स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील नाव, घेतले व त्या नावाच्या पत्त्यावरून दरपत्रके ई-मेलने रवाना केली. आठ दिवस झाले तरी एकाही ग्राहकाचे उत्तर आले नाही. दूरध्वनीवरून चौकशी करता असे आढळून आले की, बहुतेक पत्रे 'स्पॅम' कप्प्यात पडून होती आणि काही तर स्वीकारलीच गेली नव्हती. तयार झालेला हापूस आठ दिवस थांबत नाही. तो माल अखेर मिळेल त्या भावाने द्यावा लागला.

असा प्रसंग इतरांवर येऊ नये, यास्तव या दोषाची कारणे, परीक्षा व उपाय येथे क्रमाने दिले आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते नीट समजून घेऊन बागायतदारांस समजावून द्यावेत.

दोष का उद्भवतो?

ई-मेल पोहोचविण्याची आजची पद्धत मुळात १९८२ साली ठरली. तीत प्रेषक म्हणून कोणाचेही नाव घालता येत असे. ते नाव खरे की खोटे हे तपासण्याची सोय नव्हती. बाहेरचा आंबा 'रत्नागिरी हापूस' असे छापलेल्या पेटीत भरून विकावा, तसाच हा प्रकार होय. हापूसच्या बाबतीत २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील फळास भौगोलिक मानांकन मिळाले. ई-मेलच्या बाबतीत असा बंदोबस्त तीन नोंदींनी होतो. डोमेनची 'डीएनएस' नावाची सार्वजनिक नोंदवही असते, तीत या नोंदी कराव्या लागतात.

(१) एसपीएफ : आमच्या नावाने पत्रे पाठविण्याची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे, त्यांची यादी. आमचा माल अमुक वाहनांतूनच येईल, असे बाजारात आधी कळवून ठेवण्यासारखे हे आहे.

(२) डीकेआयएम : प्रत्येक पत्रावर उमटणारी गुप्त मोहोर. वाटेत मजकूर बदलल्यास ही मोहोर मोडते. मोहोर पडताळण्याची किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते.

(३) डीमार्क : वरील दोन्ही परीक्षांत पत्र न उतरल्यास त्याचे काय करावे, याविषयी डोमेनच्या मालकाने दिलेली सूचना. यादीतील किंवा मोहरेवरील नाव व पत्रावर दिसणारे प्रेषकाचे नाव जुळते की नाही, हेही येथे पाहिले जाते. दोहोंपैकी एक परीक्षा उतरली व तिचे नाव जुळले, तर डीमार्कही उतरते.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी हे नियम कडक केले. जीमेलच्या ग्राहकांना पत्र पाठविणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी असणे आवश्यक झाले. दिवसाला सुमारे ५,००० वा त्याहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांस तिन्ही लागतात. लहान गटांनीही तिन्ही करून ठेवणे इष्ट होय. मात्र जो बागायतदार साधा जीमेलचा पत्ता जीमेलमधूनच वापरतो, त्याला यांपैकी काहीच करावे लागत नाही.

दोषाची परीक्षा

झाड सुकू लागले म्हणून आपण लगेच औषध फवारीत नाही. मूळ, खोड व पान आधी तपासतो. येथेही तसेच करावे.

गटाच्या पत्त्यावरून एक पत्र स्वतःच्या जीमेलवर पाठवावे. ते संगणकावर उघडून तीन टिंबांच्या यादीतून पत्राचे मूळ रूप पाहावे. आरंभीच एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क यांच्यापुढे 'पास' किंवा 'फेल' लिहिलेले आढळेल. एखादे नावच नसल्यास ती नोंद बहुधा झालेली नाही असे समजावे. पत्र परत आले असेल व त्यावर ५५०–५.७.२६ हा आकडा असेल, तर ओळख न पटल्यामुळे जीमेलने ते नाकारले, असा त्याचा अर्थ आहे. तिन्हींपुढे 'पास' असूनही पत्र स्पॅममध्ये जात असेल, तर दोष अन्यत्र आहे. न मागता पुष्कळांना पत्रे पाठविली जातात काय, हे पाहावे.

नेहमी आढळणारे दोष व उपाय

१. एसपीएफच्या दोन नोंदी असणे. नवी सेवा घेताना जुनी नोंद तशीच ठेवून दुसरी केली जाते. एका डोमेनला एकच नोंद चालते. दोन झाल्यास दोन्ही निरुपयोगी ठरतात. त्या एकत्र कराव्यात.

२. यादीत एखादी सेवा नसणे. बिले पाठविणारी प्रणाली किंवा संकेतस्थळ परस्पर पत्रे पाठवीत असते. अशा सर्व सेवांची यादी आधी कागदावर करावी. नाट्याच्या गटात पहिले दोन्ही दोष एकदमच होते.

३. यादी फार लांबणे. एसपीएफ तपासताना डीएनएसमध्ये दहाहून अधिक वेळा शोध घ्यावा लागल्यास परीक्षा निष्फळ होते. न वापरल्या जाणाऱ्या सेवा काढून टाकाव्यात.

४. डीकेआयएमची किल्ली अपुरी उतरविली जाणे. किल्ली लांबलचक असते; एक अक्षर गळले तरी मोहोर पटत नाही. ती हाताने न लिहिता जशीच्या तशी उतरवून घ्यावी.

५. पत्र पुढे धाडले जाणे. ग्राहकाने आपली पत्रे दुसऱ्या पत्त्यावर वळविली असल्यास एसपीएफ बहुधा फेल होते. मोहोर मात्र सहसा टिकते. म्हणून डीकेआयएम अवश्य असावे.

६. जीमेलचा पत्ता दुसऱ्याच सेवेतून वापरणे. एकदम अनेकांना पत्रे पाठविणाऱ्या सेवेत प्रेषक म्हणून जीमेलचा पत्ता घातल्यास नाव जुळत नाही. तेथे स्वतःच्या डोमेनचाच पत्ता घालावा.

डीमार्कची सूचना पायरीपायरीने कडक करावी. आरंभी 'नन', म्हणजे केवळ पाहणी, ठेवावी व येणारे अहवाल काही आठवडे पाहावेत. आपली सर्व पत्रे उतरतात अशी खात्री झाल्यावर 'क्वारंटाइन' व शेवटी 'रिजेक्ट' करावे. पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' केल्यास आपलीच पत्रे नाकारली जाण्याचा धोका असतो. या नोंदी रोमन लिपीतच कराव्या लागतात. बदल सर्वत्र पोहोचण्यास काही वेळा एक-दोन दिवस लागतात. म्हणून हे काम ऐन काढणीत न करता मोहोराच्या दिवसांतच उरकावे.

एक सावधगिरी

ओळख पटली म्हणजे मनुष्य प्रामाणिक आहे असे सिद्ध होत नाही. एका अक्षराच्या फरकाने मिळतेजुळते डोमेन घेणारा ठकही तिन्ही परीक्षा उतरू शकतो. यास्तव "आमचे बँक खाते बदलले आहे" असे पत्र आल्यास, पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री केल्याखेरीज पैसे पाठवू नयेत. ग्राहकांनाही हे आधीच सांगून ठेवावे. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

वर्षभर राखलेल्या बागेचे मोल थोड्या आठवड्यांत पदरात पडते. त्या आठवड्यांत आपले पत्र ग्राहकाच्या हाती पडावे, एवढ्यासाठी एक दिवसाचे हे काम प्रत्येक गटाने हंगामापूर्वी अवश्य करून ठेवावे.