जीवशास्त्र आवडतं, म्हणून गणित सोडायचं?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी ठरतं: मुलीला जीवशास्त्र आवडतं, मग पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घेऊ, गणिताचा ताप नको. डॉक्टरच व्हायचं पक्कं असेल तर हे ठीकच आहे. पण जीवशास्त्रात संशोधन करण्याची ओढ असलेल्या मुलांना अकरावीत सोडलेलं गणित पुढे महागात पडतं, असं माझं मत आहे.

एक उदाहरण घ्या. एकच एन्झाइम काम करताना पाहायचं, तर अडचण गर्दीची असते. बऱ्याच एन्झाइमांना, ते ज्यांच्यावर काम करतात त्या रेणूंचं मायक्रोमोलर तीव्रतेचं द्रावण लागतं आणि त्याच्या एका घन मायक्रोमीटरमध्ये सुमारे ६०० रेणू असतात. (अकरावीची मोल संकल्पना येत असेल, तर हा आकडा स्वतः काढून पाहा.) सगळेच चमकले तर त्यातला एक कसा ओळखणार? साध्या भिंगाने प्रकाशाचा ठिपका तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान होत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॅट वेब, हॅरॉल्ड क्रेगहेड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यावर तोड मांडली. काचेवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या थरात त्यांनी तरंगलांबीहून कितीतरी लहान, नॅनोमीटरांत मोजायची छिद्रं पाडली. अशा छिद्रात प्रकाश शिरतो, पण तळाजवळच विझतो. उजळते ती एवढीशी जागा की तिथे एका वेळी जेमतेम एखादा रेणू सापडावा. तळाशी डीएनए पॉलिमरेज बसवून चार अक्षरांना चार रंग दिले, की डीएनए जुळताना अक्षर अन् अक्षर वाचता येतं. पॅसिफिक बायोसायन्सेस ही कंपनी याच तंत्रावर उभी राहिली. मानवी जीनोममधला सुमारे ८ टक्के न वाचलेला भाग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तिच्या यंत्रांचाही वाटा होता. छिद्र किती रुंद हवं, हे प्रकाशाच्या घातांकी क्षयाच्या सूत्रावरून ठरतं, आणि ते सूत्र जीवशास्त्राच्या पुस्तकात नसतं.

चारही विषयांचं ओझं झेपेल का, ही शंका रास्त आहे. ज्याला गणिताची खरोखर धडकी भरते, त्याच्यावर ते लादू नये. मात्र आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रश्न असतात. गणित न घेतलेला विद्यार्थी चौथा हिस्सा गमावूनच पेपरला बसतो. वरच्या नॅनो-छिद्रांसारख्या कामाची ओढ वाटली, तरी ‘नॅनो’ नावाची पदवी बारावीनंतर लगेच शोधू नका. आधी एखादा मूळ विषय पक्का करा. पैशांचं विचाराल, तर पीएचडीची पाच-सहा वर्षं जातात आणि सुरुवातीला मिळणारी जेआरएफची मासिक ३७,००० रुपयांची शिष्यवृत्ती अभियंत्याच्या चांगल्या पगारापुढे फिकीच वाटते. संशोधन मध्येच सोडावंसं वाटलं, तर विदा विश्लेषणाची किंवा निदान उपकरणांच्या कंपन्यांची वाट गणित येणाऱ्याला सोपी जाते. पीसीबी घेऊन बारावीला पोचलेल्यांनीही बीएस्सीत संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग घ्यावं. त्याने कलनाची उणीव पुरती भरून निघत नाही, पण प्रयोगशाळेत शिरण्यापुरतं बळ मिळतं.